डग्गा पंख्यात वाजतो तेव्हा

पत्र:
सप्रेम नमस्कार. आम्ही गोव्यात फोंड्याला फ्लॅटमध्ये राहतो, दुसऱ्या मजल्यावर. मुलगा पंधरा वर्षांचा, सात वर्षं तबला शिकतोय. यंदा त्याची मध्यमा पूर्णची परीक्षा आहे. पहाटेचा रियाज चुकवायचा नाही असं गुरुजींनी बजावलंय, म्हणून तो साडेपाचला बसतो आणि संध्याकाळी पुन्हा दीड तास. आमच्या खाली निवृत्त मास्तर राहतात. गेल्या वर्षी त्यांची बायपास झाली. इतके दिवस काही बोलले नाहीत. गेल्या महिन्यात जिन्यात भेटले आणि म्हणाले, "तुमचो डग्गो आमच्या फॅनांत वाजता." आता विषय सोसायटीच्या मीटिंगमध्ये गेलाय आणि कोणीतरी पोलिसांचं नावही काढलं. एका इंटिरियरवाल्याला बोलावलं, तर दहा बाय दहाच्या खोलीला, चारही भिंती आणि वर सिलिंग, काळा फोम लावायचे त्याने ८५ हजार सांगितले. खोली साउंडप्रूफ होईल म्हणतो. दीर म्हणतात, अंड्यांचे ट्रे चिकटवा, फुकटात काम होईल. तुमचं काय मत?
एक आई, फोंडा

उत्तर:
ताई, ते ८५ हजार तूर्त बँकेतच राहू द्यात. दिरांच्या ट्रेमध्येही अंडीच राहू द्यात. तुमच्या पत्रातलं सगळ्यात कामाचं वाक्य मास्तरांचं आहे. डग्गा आमच्या पंख्यात वाजतो. तुम्हाला ती तक्रार वाटली. मला विचाराल तर मास्तरांनी निदान करून दिलंय, तेही फी न घेता.

बघा, खिडकीतून आवाज येतो असं ते म्हणाले नाहीत. जिन्यातून येतो असंही नाही. पंखा म्हणाले. आता पंखा टांगलेला असतो स्लॅबच्या हुकाला, आणि तो स्लॅब म्हणजे त्यांचं छत आणि तुमची जमीन. तुमचा मुलगा त्या जमिनीवर सतरंजी टाकून बसतो. डग्ग्याचा घुमारा बुडातून चुंबळीत उतरतो, चुंबळीतून लादीत, लादीतून स्लॅबमध्ये आणि तिथून पंख्याच्या दांड्यात. दांड्यावर ती वाटीसारखी टोपी असते ना, तिचा स्क्रू सैल असेल तर ती झांजेसारखी थरथरते. या सगळ्या प्रवासात खोलीतल्या हवेचा संबंध फार थोडा. मग भिंतींना फोम लावून मास्तरांना काय मिळणार? काटा पायात आणि पट्टी डोक्याला.

आमच्या धंद्यात आवाजाची दोन वेगळी कामं आहेत आणि बाजारात दोन्ही एकाच नावाने विकली जातात. एक, खोलीतला आवाज शोषणं, म्हणजे भिंतीवर आपटून परत येणारा प्रतिध्वनी मारणं. दुसरं, आवाज पलीकडे जाऊ न देणं. पहिल्या कामाला मऊ आणि सच्छिद्र वस्तू लागते, दुसऱ्याला वजन लागतं. फोम पहिल्यातला. खात्री करायची असेल तर त्या गृहस्थाकडून फोमचा एक तुकडा मागून घ्या, तोंडासमोर धरा आणि फुंकर मारा. पलीकडे हाताला वारा लागेल. जिथून फुंकर जाते तिथून आवाज अडायचा नाही. त्यातही डग्गा म्हणजे खर्जातला मामला. १०० हर्ट्झच्या आवाजाची लाट जवळजवळ साडेतीन मीटर लांब असते. इंचभर फोमच्या ती खिजगणतीत नाही. फोम खाणार ते चाटीवरचे, म्हणजे तबल्याच्या काठावरचे, तीक्ष्ण बोल, आणि त्यांचा मास्तरांना त्रास नाहीच.

अंड्यांच्या ट्रेबद्दल काही बोलायचंच नाही असं ठरवलं होतं, पण राहवत नाही. कागदी लगद्याला वजन नाही, जाडी नाही, आणि आपल्या पावसाळ्यात तो महिन्याभरात ओला होऊन बुरशी धरतो. मागे झुरळांची वसाहत होते ती वेगळी. शिवाय काडी लागली की भडकतो. साधा पॉलियुरेथेन फोमही तसाच भडकतो आणि त्याचा धूर विषारी असतो. ज्या खोलीत मूल दार लावून तासभर बसणार, तिथे पाच बाजूंनी तो चिकटवू नका, कोणी कितीही स्वस्तात देऊ दे.

हे शहाणपण मला घरबसल्या आलेलं नाही. पंचवीसएक वर्षांपूर्वी मडगावच्या आमच्या घरात मीच हा गाढवपणा केलाय. बायको पेटीवर गाणं शिकवायची, शेजारी बारावीचं पोर होतं, शेजारीण कुरकुरायची. मी तेव्हा नवा इंजिनियर, सगळं येतं अशा थाटात एका कंत्राटदाराकडून खोलीभर फोम लावून घेतला. आत टाळी वाजवली तर कापसात वाजवल्यासारखी. मी खूश. संध्याकाळी शेजारीण कुंपणाशी आली आणि म्हणाली, आज फार स्पष्ट ऐकू आलं हो, शब्दसुद्धा कळले. खोलीतला घुमा गेला होता ना! आधी तिला गोंगाट ऐकू यायचा, आता बंदिश ऐकू येऊ लागली. जूनमध्ये फोमच्या मागे हिरवी बुरशी आली आणि ऑगस्टपर्यंत तुकडे एकेक करून गळून पडले. कंत्राटदाराने फोन उचलला नाही.

तर आता तुमचं काम. पैसे काढायच्या आधी एक रविवार काढा.

मास्तरांना सांगून सकाळी दहाच्या सुमाराला त्यांच्या घरी जाऊन बसा. चहा देतील, घ्या. मुलाला वर सांगून ठेवा की पाच पाच मिनिटं एकच कायदा, म्हणजे बोलांची एकच ठरलेली रचना, एकाच जोराने वाजवायचा. पहिली पाच मिनिटं रोजच्यासारखं, जमिनीवर. पुढची पाच मिनिटं तबला, डग्गा आणि स्वतः, सगळं कापसाने भरलेल्या जाड गादीवर, खाली आणखी दोन गोधड्या घालून. मग पुन्हा जमिनीवर, पण खिडक्या घट्ट लावून. मग दार लावून. फोनवर आवाज मोजायचं एखादं फुकट अ‍ॅप घ्या आणि फोन एकाच जागी ठेवा. त्यातल्या आकड्यावर फार विश्वास नको, दोन आकड्यांतला फरक तेवढा बघा. १० डेसिबल कमी झाले तर कानाला आवाज साधारण निम्मा झाल्यासारखा वाटतो, हे लक्षात ठेवा. आणि एकदा त्यांच्या भिंतीला तळहात लावून बघा, स्टुलावर चढून पंख्याच्या दांड्यालाही, अर्थात पंखा बंद करून. डग्ग्यावर "गे" पडला की बोटांना कळतं का? कळलं तर माझं म्हणणं खरं. गादीवर बसल्यावर खालचा आवाज एकदम उतरला तर मग शंकाच नको.

या रविवारचा आणखी एक फायदा आहे. मास्तरांना दिसेल की तुम्ही कान देताय. सोसायटीच्या मीटिंगमध्ये जे होत नाही ते एका चहात होतं. आणि जाताना स्क्रूड्रायव्हर घेऊन जा. पंख्याची ती टोपी सैल निघाली तर तिथल्या तिथे आवळा, दांडा आणि टोपी यांच्यामध्ये रबराची पट्टी सरकवा. दहा रुपयांत निम्मी तक्रार मिटलेली मी पाहिलीय.

उरलेल्या निम्म्यासाठी तुमच्या मेस्ताला, म्हणजे सुताराला, बोलवा आणि मुलासाठी तरंगती बैठक करून घ्या. तरंगती म्हणजे जमिनीला कुठेही घट्ट न टेकणारी. चुंबळ हाच खरं तर त्याचा छोटा अवतार आहे. आपल्या जुन्या लोकांनी डग्गा चुंबळीवर ठेवला तो लोळू नये म्हणून आणि मोकळा वाजावा म्हणून. पण मनगटाचा दाब देऊन घिस्सा काढला की चिंध्यांची चुंबळ दबून लाकडासारखी टणक होते आणि सगळं खाली उतरतं. तेव्हा मोठी चुंबळ करायची, वादकासकट सगळ्यांना पोटात घेणारी.

पाच फूट बाय चार फुटांची जागा एका तबलजीला पुरते. १९ मिलिमीटरच्या मरीन प्लायचे तीन तुकडे त्या मापाचे कापा. साधा प्लाय नको, आपल्या हवेत पापुद्रे सुटतात. आयएस ७१० चा शिक्का बघून घ्या. दोन तुकडे एकमेकांवर स्क्रूने जखडा, हा झाला वरचा पाट. तिसरा तुकडा खालचा, तो जुन्या योगा मॅटवर जमिनीला ठेवायचा. खालच्या तुकड्यावर आणि वरच्या पाटाच्या खालच्या थरात, समोरासमोर येतील अशी, चार ओळींत चार म्हणजे सोळा भोकं पाडा, साडेचार सेंटिमीटर व्यासाची. मेस्ताकडे होल सॉ असतोच. प्रत्येक भोकात एक टेनिसचा बॉल. हो, पोरं मैदानावर ज्याने क्रिकेट खेळतात तोच, पण हलका घ्या, तो जड हार्ड टेनिसवाला नको. बॉल भोकापेक्षा मोठा असल्यामुळे अर्धवट बसतो, सरकत नाही, आणि दोन पाटांमध्ये चार-साडेचार सेंटिमीटर पोकळी राहते.

टेनिसचा बॉलच का? कारण तो किती मऊ असावा याचं मापच ठरलेलं आहे. सुमारे आठ किलोचा भार दिला की नवा बॉल ६-७ मिलिमीटर दबतो. आता हिशेब करा. वरचा पाट पंचेचाळीस किलोच्या आसपास, मुलगा पन्नास धरा, तबला-डग्गा दहा. एकशेपाच किलो सोळा बॉलांवर, म्हणजे दरेकी साडेसहा. बॉल पाचएक मिलिमीटर दबून राहील आणि त्यावर सगळी बैठक स्प्रिंगवर बसल्यासारखी राहील. अशा बैठकीची स्वतःची डुलण्याची गती सेकंदाला दहा-पंधराच्या आत असते. डग्ग्याची कंपनं तिच्या कितीतरी वर, त्यामुळे ती वरच्या पाटातच अडकतात, खाली फार थोडी उतरतात. पाट जड ठेवायला सांगितलं ते याचसाठी. हलक्या पाटावर मुलगा डुगडुगेल आणि आवाजही गळेल. पहिले दोन दिवस त्याला होडीत बसल्यासारखं वाटेल, मग सवय होते.

दोन गोष्टी मात्र कटाक्षाने सांभाळा. हा पाट भिंतीला कुठेही टेकता कामा नये, बोटभर तरी अंतर हवं. एक कोपरा जरी भिंतीला लागला तर कंपनं तिथून उतरतात आणि सोळाच्या सोळा बॉल वाया. दुसरं, लेहऱ्याचा, म्हणजे तबल्याच्या साथीला फिरत राहणाऱ्या धुनेचा, स्पीकर जमिनीवर ठेवू नका, तोही पाटावर घ्या. वर्ष-दीड वर्षाने बॉलमधली हवा उतरते, तेव्हा बदला. जुने गल्लीतल्या पोरांना द्या, दुवा देतील.

बैठक झाली की पुन्हा मास्तरांकडे जा आणि ऐका. बहुतेक इथेच काम संपेल. नाही संपलं, किंवा तक्रार फक्त मास्तरांची नसून समोरच्या बिल्डिंगचीही असेल, तर पुढे वाचा. नाहीतर हा भाग इतर वाचकांसाठी समजा.

हवेतून जाणाऱ्या आवाजाचं म्हणाल तर भिंतीवर संशय घ्यायची आपल्याला फार सवय. चिऱ्याची भिंत असो की काँक्रीट ब्लॉकची, दोन्ही बाजूंनी गिलावा केलेली असेल तर ती ४५ डेसिबलच्या घरात आवाज सहज अडवते. गिलावा मात्र हवा. चिरा हा सच्छिद्र दगड. हल्ली चिरा उघडा ठेवायची फॅशन आहे, फोटो छान येतात, पण सांध्यांतून आवाज झिरपतो. आता गंमत बघा. दहा बाय दहा फुटांची अशी भिंत, शंभर चौरस फूट. तिच्यात एक चौरस फुटाची उघडी जागा ठेवली तर त्या भिंतीचे ४५ उतरून २० वर येतात. एक टक्का भोक आणि निम्म्याहून जास्त काम पाण्यात! म्हणून मी भिंतीकडे शेवटी बघतो, फटींकडे आधी.

आमच्या आजोबांच्या घरात हे रोज अनुभवायला मिळायचं. भिंती दीड हात जाडीच्या, तोफेचा गोळा लागला तरी हलायच्या नाहीत. पण वर मंगळुरी कौलं, खाली माळा नाही, आणि आतल्या भिंती कौलांपर्यंत पोचतच नव्हत्या. आजोबा शेवटच्या खोलीत घोरायचे आणि बल्कावात, म्हणजे पुढच्या ओसरीत, झोपलेल्या पाहुण्यांची झोप उडायची. ज्यांची अशी कौलारू घरं आहेत त्यांनी भिंतींना हात लावू नये. छताखाली जिप्सम बोर्डाचे दोन थर, सांधे बुजवून, वर रॉकवूल, म्हणजे दगडी तंतूंची लोकर, एवढं केलं की कायापालट होतो. वाळवीची तपासणी मात्र आधी.

तुमच्या फ्लॅटमध्ये कमकुवत जागा असणार त्या खिडकी आणि दार. सरकती अ‍ॅल्युमिनियमची खिडकी बंद केली तरी बंद होत नाही. दोन झडपांच्या मध्ये केसाळ पट्टी असते, खाली पाणी जायला भोकं असतात. ती खिडकी काढू नका, पाऊस तीच झेलते. तिच्या आतल्या बाजूला, निदान चार इंच अंतर सोडून, दुसरी खिडकी बसवा, सरकती नको, बिजागरीवर उघडणारी, चारही बाजूंनी रबराची गॅस्केट दाबून बंद होणारी. काच बाहेरच्या काचेपेक्षा वेगळ्या जाडीची घ्या. दोन्ही सारख्या जाडीच्या असल्या तर एकाच सुरात थरथरतात, आणि एकीची उणीव दुसरी भरून काढत नाही. बाजारात दोन काचांमध्ये अर्धा इंच हवा असलेला तयार तुकडा मिळतो. तो उष्णतेसाठी बरा, खर्जाला चार इंचांच्या पोकळीची सर त्याला नाही.

दाराबद्दल बोलायचं तर मला उंबरठ्याचं दुःख आहे. जुन्या घरांत उंबरठा होता, दार त्याच्यावर येऊन टेकायचं, खाली फट राहतच नव्हती. फ्लॅट आले, ठेच लागते म्हणून उंबरठे काढून टाकले, आणि दाराखाली अर्धा इंच उघडा पडला. तीन फुटी दाराखालची अर्ध्या इंचाची फट म्हणजे १८ चौरस इंच, साधारण पोस्टकार्डाएवढं भोक. दारात पोस्टकार्डाएवढं भोक पाडून कोणी आत तबला वाजवेल का? तेव्हा त्या खोलीला लाकडाचा नाहीतर ग्रॅनाइटचा पाऊण इंच उंबरठा पुन्हा बसवा, चौकटीच्या तिन्ही बाजूंना रबराची पट्टी लावा. दार ठोकून बघा. पोकळ वाजलं तर ते बदलून भरीव फ्लश डोअर घ्या. रबर थोडं दाबूनच बंद व्हायला हवं, दार लावताना हाताला किंचित जोर लागला पाहिजे. हे काम दिवाळीनंतर करा. मेस्ताने एप्रिलमध्ये नेमकं बसवलेलं दार जूनमध्ये फुगतं आणि मग तो रंधा मारून पुन्हा फट करून ठेवतो.

खोलीला लागून बाथरूम असेल तर तिचंही दार लावायला विसरू नका. काचेच्या पट्ट्यांचा तो व्हेंटिलेटर डक्टमध्ये उघडतो आणि डक्ट म्हणजे सगळ्या मजल्यांना जोडणारा कर्णा. एसीच्या पाइपाचं भोकही बघा, बहुतेक वेळा कारागीर त्यात कागद कोंबून वर पांढरं सिमेंट फासून जातो.

कोणी सांगेल, भिंतीला लागून आतून आणखी एक विटेची भिंत घाला. आवाजाच्या दृष्टीने चुकीचं नाही, पण चार इंची भिंत दहा फूट उंच केली तर मीटरभर लांबीला सहाशे किलोच्या वर वजन होतं. राहत्या घराचा स्लॅब साधारणपणे चौरस मीटरला दोनशे किलोचा धरलेला असतो. स्ट्रक्चरल इंजिनियरच्या सहीशिवाय त्या वाटेला जाऊ नका.

एवढं सगळं बंद केल्यावर खोली आतून घुमायला लागेल, शिवाय कोंदटेल. घुम्यासाठी आता मऊ वस्तू आणा. एका भिंतीला पुस्तकांची मांडणी, समोरच्या भिंतीला दोन इंची रॉकवूलचे कापडात गुंडाळलेले दोन-तीन पॅनेल, बाहेरच्या भिंतीपासून बोटभर सुटे, म्हणजे मागून हवा खेळते आणि बुरशी धरत नाही. रॉकवूल हाताळताना हातमोजे आणि मास्क घाला, नाहीतर दोन दिवस अंग खाजेल. सगळी खोली मढवू नका. तबल्याची आस, म्हणजे बोलामागे रेंगाळणारा नाद, ऐकू आली पाहिजे. मेलेल्या खोलीत वाजवणारा नकळत जोरात वाजवतो आणि हात बिघडवून घेतो. हवेचं म्हणाल तर स्प्लिट एसी ताजी हवा आणत नाही, आतलीच फिरवतो. चाळीस-पंचेचाळीस मिनिटांनी दार-खिडकी उघडून दहा मिनिटं विश्रांती. मुलाच्या मनगटांनाही ती हवीच आहे.

आता पहाटेचा प्रश्न. पोलिसांचं नाव कोणी काढलं ते मला आवडलं नाही, पण मास्तरांची बाजू कायद्यातही पक्की आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्र म्हणजे रात्री १० ते सकाळी ६. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, आणि रात्रीच्या वेळेत वाद्यं वाजवण्यावरही बंधन आहे. सणासुदीला राज्य सरकार वर्षात १५ दिवसांपर्यंत मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकतं, ती वेगळी गोष्ट. दिवाळीत नरकासुराच्या रात्री आपण सगळेच कानात बोळे घालून गप्प बसतो, पण ती वर्षातून एक रात्र. साडेपाचचा डग्गा रोजचा आहे, आणि खाली बायपास झालेला माणूस झोपलेला आहे.

गुरुजींना न दुखवता हे जमतं. पहाटे साडेपाच ते सव्वासहा पढंत करू द्या. हातावर ताल धरायचा आणि बोल तोंडाने म्हणायचे, पेशकार, कायदे, रेले, तिहाया, सगळं. लयभास्कर खाप्रुमामा पर्वतकरांच्या गोव्यात लय तोंडात आणि डोक्यात आधी बसते हे गुरुजींना मी सांगायची गरज नाही. परीक्षेत पढंत विचारतातच, आणि बरीच मुलं तिथेच अडखळतात. बोटं मोकळी करायची असतील तर तबल्यावर जाड टॉवेल टाकून. खरा वाजवायचा रियाज सातनंतर किंवा संध्याकाळी पाच ते साडेसहा, जेव्हा खाली रस्त्यावर गाड्या असतात, पाववाल्या पोदेराचा भोंगा असतो, घराघरांत टीव्ही लागलेले असतात. तोच डग्गा तेवढ्याच जोराचा, पण आजूबाजूच्या आवाजात झाकला जातो. दुपारी एक ते चार मात्र हात लावायचा नाही. गोव्यात दुपारच्या झोपेत व्यत्यय आणणाऱ्याला कोर्टही माफ करणार नाही.

आणि हो, हातोडी. तबला सुरात आणताना गठ्ठ्यांवर आणि गजऱ्यावर जी टणटण होते ती वाजवण्यापेक्षा जास्त टोचते, कारण तिला ताल नसतो. तुमचा मुलगा बहुधा रियाजाच्या आधी, म्हणजे पहाटे साडेपाचला, मांडी घालून जमिनीवर हेच करत असेल. आज रात्रीपासून त्याला सांगा, तबला संध्याकाळीच लावून ठेव आणि कपाटात ठेव, पंख्याखाली नको. सकाळी थोडा उतरलेला असेल तर असू दे, टॉवेलखाली कोणाला कळतंय?